बाबराची तौबा आणि आपल्या मोहल्ल्यातले मौन

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रमजानला आठवडा उरला असेल. मधल्या सुट्टीत एक बाई शाळेत आल्या. त्यांचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. दहावीपर्यंत मराठीत वर्गात पहिला यायचा, निबंध तर असा लिहायचा की मी तो इतर वर्गांत वाचून दाखवायचो. बाई बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग बुरख्याच्या आतून एक रिकामी गोळ्यांची पट्टी काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. आमच्या औरंगाबादेत या गोळ्यांना 'बटन' म्हणतात. सोबत दारूही होती. त्या एवढेच म्हणाल्या, "सर, तुमचं ऐकतो तो. काहीतरी सांगा. आणि कोणाला कळू देऊ नका."

मी सांगितले. मी शिक्षक आहे, सांगणे हाच माझा धंदा. त्या पोराला समोर बसवून मी तासभर हराम-हलाल, कबर, जहन्नम, आईचे दूध, बापाची इज्जत असे सगळे ऐकवले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. त्यानंतर तो मला टाळू लागला. जुम्म्याच्या नमाजलाही दिसेना. एकदा रस्त्यात गाठून विचारले तेव्हा म्हणाला, "सर, मस्जिद में गया तो लोगां पहले मेरी आंखां देखते."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. त्याला एक कारण घरचेही आहे. माझे एक मामू दारूने गेले. मी तेव्हा बी.एड. करत होतो. मय्यतीला आलेल्यांना आम्ही 'कावीळ झाली होती' असे सांगितले. ते खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. मुसलमान दारू पीत नाही, असे आपण मानतो. त्यामुळे जो पितो तो आपल्या हिशेबातच नसतो. त्याच्यासाठी दवाखाना नाही, बैठक नाही, बयान आहे तेही त्याच्याविरुद्ध. मामूंशी त्यांच्या आजाराबद्दल घरातले कोणी एकदाही सरळ बोलले नाही. त्यात मीही आलो.

म्हणून मी इतिहासाकडे वळलो. आपल्या परंपरेत व्यसनी माणसाशी लोक कसे वागले, आणि ज्यांनी व्यसन सोडले त्यांनी ते कशाच्या आधाराने सोडले, हे मला बघायचे होते.

सुरुवात मदीनेपासून करू. दारूबंदीचा हुकूम एका रात्रीत आला, असे अनेकांना वाटते. तसे नाही. सूरह बकरामध्ये प्रथम एवढेच सांगितले गेले की दारू आणि जुगारात लोकांसाठी काही फायदे आहेत, पण त्यांचा गुनाह फायद्यापेक्षा मोठा आहे. मग सूरह निसामध्ये सांगितले गेले की नशेत असाल तर नमाजच्या जवळ जाऊ नका, आपण काय बोलतो आहोत हे कळेपर्यंत थांबा. शेवटी सूरह माइदामध्ये पूर्ण मनाई आली. हजरत अनस सांगतात की ते अबू तल्हांच्या घरी लोकांना दारू वाढत होते, तेवढ्यात बाहेर मनाईची घोषणा झाली. त्यांना दारू ओतून द्यायला सांगण्यात आले आणि मदीनेच्या गल्ल्यांतून ती वाहिली.

गल्ल्यांतून वाहिलेली दारू आपण प्रत्येक बयानात ऐकतो. मधल्या पायरीवर मात्र कोणी फारसे थांबत नाही. त्या पायरीचा व्यवहार पाहा. दिवसातून पाच नमाजा आणि प्रत्येक नमाजला शुद्धीवर असणे आवश्यक. म्हणजे पिणाऱ्याला दिवसा प्यायला सवडच उरत नाही. इशानंतर किंवा फजरनंतर काय तेवढा वेळ. शरीराला आधी तासा-तासाची सवय लावली गेली. शिवाय अट काय होती? तुम्ही काय बोलता ते तुम्हाला कळले पाहिजे. जिभेवर जे आहे तेच मनात असले पाहिजे. नशा नेमके हेच हिरावून घेते, म्हणून सुटकेची सुरुवातही तिथूनच केली गेली.

मनाई आल्यानंतर सगळे सुटले का? नाही. बुखारीत एका माणसाची हकीकत आहे. तो हुजूरांना (स.) हसवायचा. पण दारू त्याच्याने सुटत नव्हती. त्याला पुन्हा पुन्हा पकडून आणले जाई आणि शिक्षा होई. एकदा कोणीतरी चिडून त्याच्यावर लानत पाठवली. तेव्हा हुजूरांनी (स.) त्याला अडवले आणि सांगितले की लानत करू नका, हा माणूस अल्लाह आणि त्याच्या रसूलवर प्रेम करतो. दुसऱ्या एका रिवायतीत असा इशारा आहे की आपल्या भावाविरुद्ध सैतानाला मदत करू नका.

शिक्षा माफ झाली नव्हती, हे मी लपवत नाही. पण शिक्षा झाल्यावरही तो माणूस जमातीतलाच राहिला. त्याचे व्यसन आणि त्याचे प्रेम ही दोन्ही खरी धरली गेली. मी त्या पोराला तासभर जे ऐकवले, त्यात त्याच्या प्रेमाचा एकदाही उल्लेख नव्हता.

हजरत उमर यांची एक हकीकत तफसीरच्या ग्रंथांत येते. त्यांची खिलाफत ६३४ ते ६४४ अशी दहा वर्षांची. ते किती कडक होते हे सांगायला नको. शामकडचा एक बहादूर माणूस त्यांच्याकडे यायचा. तो बरेच दिवस दिसला नाही म्हणून विचारले, तर कळले की तो दारूच्या पार नादी लागला आहे. उमर यांनी कातिबाला बोलावून त्याला पत्र लिहिले. पत्रात सूरह गाफिरच्या सुरुवातीच्या आयती होत्या. अल्लाह गुनाह माफ करणारा, तौबा कबूल करणारा, कठोर शिक्षा देणारा आणि मोठ्या कृपेचा आहे, असा त्यांचा आशय. मग सोबत बसलेल्यांना त्यांनी त्या माणसासाठी दुआ करायला लावली. तो माणूस पत्र वाचत राहिला, रडत राहिला आणि त्याने दारू सोडली. बातमी कळल्यावर उमर म्हणाले की तुमचा भाऊ घसरलेला दिसला तर असेच करा, त्याला सावरा.

कोणी दिसेनासा झाला तर त्याची चौकशी करणे, त्याला खासगीत लिहिणे आणि त्याच्यामागे दुआ करणे, एवढेच त्यांनी केले. आपल्या मोहल्ल्यात कोणी मस्जिदीत दिसेनासा झाला, तर त्याची चौकशी होते, पण ती चहाच्या टपरीवर.

आता बाबराकडे येतो. त्याचे नाव घेतले की आज लगेच दुसरेच वाद सुरू होतात. त्यात मला शिरायचे नाही. बाबर मला इथे हवा आहे तो वेगळ्या कारणासाठी. दारू पिणे, ती सोडणे आणि सोडल्यावरची तळमळ या तिन्हींबद्दल एवढ्या प्रामाणिकपणे लिहिणारे बादशहा जगात फार थोडे असतील.

बाबराचा जन्म १४८३ चा. तरुणपणी तो पीत नव्हता. १५०६ मध्ये हेरातला गेला तेव्हा चुलत भावांच्या मैफलींत त्याला मोह झाला, असे तो स्वतः लिहितो. पण तेव्हा त्याने घेतली नाही. पुढे काबूलच्या काळात मात्र पिणे वाढले. नावेत, बागेत, घोड्यावर, सकाळी, संध्याकाळी, सगळे त्याने नोंदवून ठेवले आहे. चाळिशीत दारू सोडीन असे त्याने ठरवले होते. चाळिशीला एक वर्षही उरले नाही म्हणून आता जास्तच पितो आहे, असेही तो लिहून जातो. ज्याने कधी व्यसन जवळून पाहिले आहे, तो हे वाचून हसेल आणि गप्प होईल. 'सोमवारपासून बंद' म्हणणारा प्रत्येक माणूस रविवारी हेच करतो. चाळिशी आली, गेली. दारू सुटली नाही.

ती सुटली २५ फेब्रुवारी १५२७ रोजी. राणा संगाशी खानव्याची लढाई तोंडावर होती. सैन्य घाबरलेले, ज्योतिष्याने पराभवाचे भाकीत केलेले. बाबराने तौबा केली. सोन्याचांदीचे पेले आणि सुरया फोडून ते तुकडे गरिबांना आणि दरवेशांना वाटले. काही दारू जमिनीवर ओतली. गझनीहून नुकत्याच उंटांवरून आलेल्या दारूत मीठ घालून तिचा सिरका करायला लावला. त्याच्याबरोबर सुमारे तीनशे जणांनी शपथ घेतली. मार्चमध्ये तो लढाई जिंकला.

इतिहासकार म्हणतील की ही सैन्याला धीर देण्याची युक्ती होती. असेलही. पण माणूस कोणत्या निमित्ताने व्यसन सोडतो, यापेक्षा निमित्त संपल्यावर काय होते हे मला महत्त्वाचे वाटते. लढाई तर तीन आठवड्यांत संपली होती.

शाळेच्या पुस्तकातली गोष्ट फुटलेल्या पेल्यांवर संपते. खरी गोष्ट पुढे आहे. फेब्रुवारी १५२९ मध्ये बाबराने काबूलला असलेल्या आपल्या जुन्या मित्राला, ख्वाजा कलानला, पत्र लिहिले. त्यात तो कबूल करतो की गेली दोन वर्षे दारूच्या मैफलीची ओढ इतकी होती की रडू येण्याची पाळी यायची. त्याच पत्रात तो सांगतो की काबूलकडचे खरबूज कापून खाताना त्याला रडू आले. हिंदुस्तानचा बादशहा, शपथेला दोन वर्षे झालेली, आणि तो मित्राला सांगतो आहे की मला अजून आठवण येते. पुढे तो लिहितो की या वर्षी अल्लाहच्या कृपेने तो त्रास गेला. कशामुळे गेला असावा, याचा अंदाजही तो देतो. एका पुस्तकाचे पद्य भाषांतर केल्याची ती बरकत असावी, असे त्याला वाटते.

ते पुस्तक म्हणजे ख्वाजा उबैदुल्लाह अहरार यांचा 'वालिदिया' नावाचा रिसाला. अहरार (१४०४-१४९०) हे नक्शबंदी सिलसिल्याचे मोठे बुजुर्ग. बाबराचे वडील त्यांचे मुरीद होते. अहरारांनी हा रिसाला आपल्या वडिलांच्या सांगण्यावरून लिहिला, म्हणून 'वालिदिया'. नोव्हेंबर १५२८ मध्ये बाबर तापाने आजारी पडला. 'कसीदा बुर्दा' लिहून इमाम बूसीरींचा लकवा बरा झाल्याची कथा त्याला ठाऊक होती. तसाच शिफा आपल्यालाही मिळावा म्हणून त्याने वालिदियाचे तुर्की पद्य करायला घेतले. रोज किमान दहा शेर, असा नेम केला. ताप उतरला, आणि साधारण पंधरवड्यात काम पूर्ण झाले.

यातला 'रोज दहा शेर' हा भाग मला फार मोलाचा वाटतो. पेले फोडायला एक दिवस पुरतो. पण ओढ जायला रोजचे ठरलेले, लक्ष देऊन करायचे, लहानसे काम लागले. ज्याने हातात काठी धरून शब्दामागे शब्द मोजत वृत्तात भाषांतर केले आहे, त्याला माहीत आहे की त्या वेळेत मन दुसरीकडे जाऊ शकत नाही.

नक्शबंदी तरीका तर याच गोष्टीवर उभा आहे. ख्वाजा अब्दुल खालिक घुजदवानी यांच्या नावाने या सिलसिल्याची आठ तत्त्वे सांगितली जातात. त्यातले पहिले 'होश दर दम'. दम म्हणजे श्वास. एकही श्वास गाफीलपणे आत-बाहेर होऊ नये. दुसरे 'नजर बर कदम', म्हणजे नजर आपल्या पावलावर. आणि 'खल्वत दर अंजुमन', म्हणजे माणसांत राहूनच एकांत. डोंगरात पळून जायचे नाही. बाजारात, घरात, कामावर असतानाच जागे राहायचे. व्यसन सोडणाऱ्याला तर हेच लागते. त्याला परत त्याच गल्लीत राहायचे असते, त्याच कोपऱ्यावरून जायचे असते.

इमाम गजाली (१०५८-१११०च्या पुढचे वर्ष, ११११) यांनी 'इह्या'मध्ये मुराकबा आणि मुहासबा यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. मुराकबा म्हणजे लक्ष ठेवणे. अल्लाहचे एक नाव 'अर-रकीब' हे त्याच धातूतले. गजाली नफ्सला धंद्यातल्या भागीदाराची उपमा देतात. सकाळी त्याच्याशी अट ठरवा, दिवसभर त्याच्यावर लक्ष ठेवा, रात्री हिशेब घ्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा अट, पुन्हा हिशेब. जन्मभराची शपथ इथे मागितलेली नाही, दिवसापुरता करार आहे.

हे वाचताना मला विसाव्या शतकातली एक गोष्ट आठवली. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन दारुड्यांनी 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' सुरू केले. आज पुण्या-मुंबईत आणि इतरत्रही त्यांच्या सभा भरतात. त्यांच्या बारा पायऱ्यांत स्वतःचा निर्भय हिशेब मांडणे आहे, चूक कबूल करणे आहे, प्रार्थना आणि ध्यान आहे, आणि या पायऱ्यांबरोबरच, मुख्य म्हणजे, 'फक्त आजचा दिवस' हा त्यांचा मंत्र आहे. त्यांच्या मागे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांचाही एक विचार होता. दारूची तहान ही खोलवर पाहिली तर आत्म्याचीच तहान असते, असे त्यांनी १९६१ मध्ये विल्सनला लिहिले होते.

पुढे सिएटलचे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी तिथल्या तुरुंगात विपश्यना करणाऱ्या कैद्यांचा अभ्यास केला. सत्यनारायण गोयंका यांच्या पद्धतीची ही विपश्यना. तिचे मोठे केंद्र आपल्या नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला आहे. मार्लट यांचे सांगणे सोपे होते. तलफ ही लाटेसारखी येते, चढते आणि उतरते. तिच्याशी मारामारी करू नका, तिला शरणही जाऊ नका. श्वासावर लक्ष ठेवून ती उतरेपर्यंत बघत राहा.

विपश्यना आणि मुराकबा एकच आहेत, असे मी म्हणणार नाही. विपश्यनेत माणूस श्वास आणि संवेदना पाहतो. तिथे देवाची अट नाही. मुराकब्यात 'आपल्याला कोणीतरी पाहतो आहे' ही जाणीव मध्यभागी असते. पण माणूस ज्या क्षणी घसरतो, त्या एका क्षणात थोडी जागा निर्माण करणे हे दोन्हीकडे आहे.

मात्र केवळ जिक्रने सगळे होते, असेही कोणी समजू नये. बाबराने दारू सोडली, पण माजून, म्हणजे अफू-भांगेचा पाक, त्याच्या नोंदींत नंतरही येतो. त्याच्या घराण्याने तर पुढे फार सोसले. अकबराचा मुलगा मुराद १५९९ मध्ये दख्खनच्या मोहिमेवर असताना दारूने गेला. दुसरा मुलगा दानियाल बुऱ्हाणपुरात गेला. पहारा असताना बंदुकीच्या नळीतून त्याला दारू पोचवली जात होती. तिसरा जहांगीर. तो स्वतः लिहितो की दिवसाला वीस पेले कडक दारू प्यायचो, हात इतके थरथरायचे की पेला दुसऱ्याने तोंडाला लावावा लागे. हकीम हुमाम यांनी त्याला स्पष्ट सांगितले की असेच चालले तर सहा महिन्यांत इलाज उरणार नाही. मग त्याने हळूहळू, वर्षानुवर्षे कमी करत पेले सहावर आणले. पूर्ण सुटली नाहीच.

तिघे भाऊ, बादशाही दौलत, आणि हा शेवट. ईमान कमी होते म्हणून हे झाले, एवढे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. हा आजार आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. गोळ्यांचेही तसेच. म्हणून आधी डॉक्टर, आणि डॉक्टरच्या सोबत दुआ. जहांगीरला हकीम होता. माझ्या मामूंना आम्ही कोणाकडे नेले नाही, कारण नेले असते तर लोकांना कळले असते.

आता त्या पोराचे सांगतो. मी त्याच्या घरी गेलो आणि आधी माफी मागितली. तो गोंधळला. शिक्षक माफी मागतो हे त्याने पाहिले नव्हते. मग त्याच्या आईसह आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. औषधे सुरू झाली. चार महिन्यांनी तो पुन्हा घसरला. आई म्हणाली, "सर, सगळं पाण्यात गेलं." मी म्हणालो, चार महिने पाण्यात जात नसतात. बाबराला सुद्धा चाळिशी चुकली होती.

दर जुम्म्याला असरनंतर आम्ही दोघे पाणचक्कीवर जातो. ही जागा मी मुद्दाम निवडली. इथे बाबा शाह मुसाफिर आणि त्यांचे पीर बाबा पलंगपोश यांच्या मजारी आहेत. दोघेही नक्शबंदी, दोघेही मूळचे त्याच बुखाऱ्याजवळच्या घुजदवानकडचे. 'होश दर दम' हे तत्त्व त्या गावातून चालत आमच्या शहरापर्यंत आले आहे. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून इथे आणून त्यावर जाते फिरवायचे, आणि फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी पीठ दळायचे, अशी ती व्यवस्था होती. आम्ही हौदाजवळ बसतो. मी त्याला काही सांगत नाही. तो आठवड्याचा हिशेब सांगतो. किती दिवस गेले, तलफ कधी आली, तेव्हा काय केले. कधी म्हणतो की शंभर श्वास मोजले. कधी म्हणतो की मोजता आले नाहीत, तुम्हाला फोन केला.

मागच्या महिन्यात मी आमच्या मस्जिदीच्या जिम्मेदारांना भेटलो. महिन्यातून एकदा एक डॉक्टर आणि व्यसन सोडलेला एक माणूस यांना बोलावून बैठक घेऊ, असे सुचवले. एक बुजुर्ग म्हणाले, "मास्टरसाहेब, यामुळे मस्जिदीची बदनामी होईल." मी त्यांना हजरत उमर यांच्या पत्राची हकीकत सांगितली. ते विचारात पडले. अजून होकार आलेला नाही, नकारही नाही.

अरबीत 'तौबा' या शब्दाचा मूळ अर्थ परत येणे असा आहे. परत येणाऱ्याला दार उघडे लागते. तो पोरगा परवाच्या जुम्म्याला मस्जिदीत आला होता, शेवटच्या सफमध्ये. मी आधी त्याच्या डोळ्यांकडे बघणार होतो. मग स्वतःला आवरले, आणि सरकून त्याच्या शेजारी जागा केली.